दोघंही मराठी, मग मध्ये हिंदी कशाला?

बाई, नमस्कार.

मी २६ वर्षांची. राहते कळव्याला, शिकवते घणसोलीच्या एका प्री-स्कूलमध्ये, नर्सरीला. एक वर्षाचा डिप्लोमा केलाय, नोकरीचं हे पहिलंच वर्ष. वर्गात १८ मुलं आहेत, मराठी, हिंदी, मल्याळी, तेलुगू, ओडिया अशा सगळ्या घरांतली. शाळेचा नियम कडक आहे. मुलांशी फक्त इंग्रजीत बोलायचं. अगदीच अडलं तर हिंदी चालते. मराठी नको, कारण ‘मराठी बोलायला पालक फी भरत नाहीत’ असं आमच्या सेंटर हेड म्हणतात.

माझ्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे, घणसोली गावातल्या आगरी घरातला. सहा आठवडे झाले, वर्गात एक शब्द बोललेला नाही. मी इंग्रजीत सांगते, मग हिंदीत समजावून सांगते, तरी नुसता बघत राहतो. दोनदा चड्डीत शू झाली. दुसऱ्यांदा मुलं हसली, तेव्हापासून तो दाराशीच बसतो. त्याच्या आईला आम्ही सांगितलं, घरीही इंग्लिश बोला. ती दहावी झालेली आहे, प्रयत्न करते म्हणाली. सोडायला आजी येते. गेटबाहेर तिच्याशी तो खूप बडबडतो, पण त्यांची भाषा शुद्ध नाही. त्याला स्पीच थेरपीला पाठवायला सांगू का? आणि ज्याला इंग्लिश येतच नाही, त्याच्याशी बोलायचं तरी कसं? मला ‘तू’ म्हटलंत तरी चालेल.

एक ‘मिस’, कळवा

*

प्रिय मिस,

‘तू’ म्हणायची मुभा दिलीस ते बरं केलंस, कारण सुरुवात रागावण्यानंच करणार आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर अडखळले. ‘मी इंग्रजीत सांगते, मग हिंदीत समजावून सांगते.’ अगं, तू कळव्याची, तो घणसोलीचा. मध्ये दिघा, ऐरोली, रबाळे, संपलं. तुझ्या घरी मराठी, त्याच्या घरी मराठी. आणि त्याची चड्डी ओली झाली की तू त्याला विचारतेस, ‘क्या हुआ बेटा?’

नवी मुंबईत ही खोड सगळ्यांनाच आहे म्हणा. रिक्षावाल्याशी आपण हिंदीत हुज्जत घालतो, तोही हिंदीतच उत्तरं देतो, आणि उतरायच्या वेळी त्याचा फोन वाजला की म्हणतो, ‘हां आई, जेवून घे तू.’ मग दोघंही ओशाळं हसतो. मोठ्या माणसांत हा विनोद आहे. साडेतीन वर्षांच्या पोराला मात्र हिंदी इंग्रजीइतकीच परकी. तुला वाटतं, आपण इंग्रजी सोडून त्याच्या जवळ आलो. त्याला दिसतं एवढंच, की बाई आधी एक न कळणारं बोलत होत्या, आता दुसरं न कळणारं बोलतायत.

आणि ‘त्यांची भाषा शुद्ध नाही’ हे तर तू पुन्हा कुणाला सांगू नकोस. आगरी बोलीत ‘गाडी’ची ‘गारी’ होते, ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘डोळ्या’चा ‘डोला’. यात गबाळेपणा नाही. मधल्या ‘ड’चा ‘र’, ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ हे तिथे नेमानं होतं. पोरगा ‘गारी’ म्हणाला तर तो त्याच्या घरच्या व्याकरणाप्रमाणे बिनचूक बोलला. १९७० साली सिडको आली आणि ज्या भातखाचरांवर, मिठागरांवर हे शहर उभं राहिलं, ती याच पोराच्या पणज्या-खापरपणज्यांची. त्याच जमिनीवर शाळा काढायची आणि तिथलीच बोली गेटबाहेर उभी करायची, हे मला पचत नाही. असो. राग संपला.

आता माझी चूक सांगते, म्हणजे हिशेब बरोबरीत येईल.

१९८९ साल असेल. वाशीच्या एका बालवर्गात मी नवी होते. एक मल्याळी मुलगी होती, टपोऱ्या डोळ्यांची, केसांना खोबरेल तेलाचा वास. शाळेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती माझा पदर धरून म्हणायला लागली, ‘वेळ्ळम, वेळ्ळम.’ मला ऐकू आलं ‘वेळ’. मला वाटलं, घरी जायची वेळ झाली का विचारतेय, किती हुशार! मी कौतुकानं तिला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. ‘अजून वेळ आहे हं बाळा.’ ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा घड्याळ दाखवलं. शाळा सुटेपर्यंत हे चाललं. मग तिची आई आली, मुलीनं आईच्या पिशवीतली बाटली ओढून काढली आणि घटाघटा प्यायली. आई मोडक्या हिंदीत म्हणाली, ‘टीचर, वेळ्ळम मतलब पानी.’

सकाळभर ती पोर माझ्याशी बोलत होती. स्पष्ट, एकाच शब्दात, न चिडता. आणि त्या आठवड्याच्या नोंदवहीत मी तिच्या नावापुढे काय लिहिलं होतं माहितीये? ‘मुलगी बोलत नाही.’

तेव्हापासून मी एक वही ठेवायला लागले. तूही ठेव. प्रत्येक मुलामागे एक पान, आणि पानावर फक्त दहा-बारा शब्द. पाणी, शू, शी, भूक, दुखतंय, भीती वाटते, नको, हवं, झोप, आई, आणि घरात ज्याच्यावर त्याचा जास्तीत जास्त जीव आहे ते माणूस. सोडायला येणाऱ्याला दाराशी दोन मिनिटं थांबवून विचारायचे आणि जसे ऐकू येतील तसे देवनागरीत लिहायचे. तमिळ घरातलं मूल ‘तण्णी’ म्हणेल, तेलुगू घरातलं ‘नीळ्ळु’, बंगाली घरातलं ‘जॉल’. आपल्या मराठी घरांतही एकच शब्द असतो असं समजू नकोस. कुठे शू, कुठे सूसू. ‘बाऊ’ म्हणजे एका घरी लागलेलं, दुसऱ्या घरी अंधारातला बागुलबुवा. एक पोरगं ‘बाऊ, बाऊ’ करत रडत होतं आणि मी त्याचे गुडघे तपासत बसले होते, तेव्हा ते खिडकीबाहेरच्या जेसीबीला घाबरलं होतं. १८ मुलांची १८ पानं एका आठवड्यात होतात. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पण त्या मुलाचं काम वहीच्याही आधीचं आहे. त्याला उद्याच करंगळी शिकव. हो, आपली जुनी करंगळी! पिढ्यान् पिढ्या आपल्या शाळांत मुलं करंगळी वर करतात आणि बाईंना कळतं. इंग्लिश मीडियमनं तिला अडाणी ठरवून हाकललं आणि तिच्या जागी ‘मे आय गो टू द टॉयलेट’ हे सहा शब्दांचं वाक्य बसवलं. ज्याला आईचं नाव सांगतानाही लाज वाटते, त्यानं भरल्या मूत्राशयानं हे म्हणायचं! करंगळीला भाषा नसते, लाजही कमी वाटते. सगळ्या वर्गालाच शिकव, म्हणजे तो एकटा वेगळा दिसणार नाही. शिवाय पहिला महिनाभर ठरलेल्या वेळी, न विचारता, सगळ्यांना घेऊन जा. आणि हे सगळं त्याला एकदा मराठीत सांग. कानात, हळू. ‘शू आली की असं कर, मी लगेच नेईन. चड्डी ओली झाली तरी मी रागावणार नाही.’ नियम मोडायला सांगतेय का मी? हो. शूच्या बाबतीत नियम मोड.

तो दाराशी बसतो, तर त्याला ओढून आत नेऊ नकोस. तुझी खुर्ची दाराशी ने. मातीकामाचा डबा तिथेच उघड. दोन मुलं आपोआप येतील, ती हसणाऱ्यांपैकी असली तरी हरकत नाही. हसल्याबद्दल वर्गाला भाषण देऊ नकोस, त्यानं तो प्रसंग सगळ्यांच्या पक्का लक्षात राहतो.

आता तुझा मूळ प्रश्न, बोलायचं कसं.

नवी भाषा कानावर पडायला लागली की बरीच लहान मुलं काही काळ गप्प होतात. कुणी आठवडाभर, कुणी काही महिने. आधी ती घरचीच भाषा सगळ्यांशी बोलून बघतात. कुणाला कळत नाही हे लक्षात आलं की तोंड मिटतात आणि कान-डोळे उघडे ठेवतात. मग एखादा शब्द, एखादं पाठ झालेलं वाक्य, आणि त्यानंतर स्वतःची मोडकीतोडकी वाक्यं. तुझा मुलगा ‘नुसता बघत राहतो’ असं तू लिहिलंयस. बघू दे. तो कामावर आहे. शेजारचा मुलगा ‘शूज ऑफ’ ऐकून काय करतो, ‘लाइन’ म्हटलं की सगळे कुठे पळतात, हे तो टिपतोय. तुला तपासायचंच असेल तर तो बोलतो का हे तपासू नकोस, सांगितलेलं करतो का ते बघ.

यासाठी एक खेळ आहे आणि तो तू लहानपणी नक्की खेळली आहेस. ‘शिवाजी म्हणतो’. शिवाजी म्हणतो उठा, शिवाजी म्हणतो नाक धरा. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात नेमकी हीच वाट धरून भाषा शिकवायची पद्धत मांडली. आज्ञा ऐकायची, अंगानं करायची, बोलायची सक्ती नाही. आपण ते मैदानात करत होतो, फक्त त्याला पद्धत म्हणत नव्हतो. तू ‘टीचर सेज’ म्हणून इंग्रजीत खेळ. स्टँड अप, टच युअर नोज, जंप, फ्रीझ. तू स्वतः करत करत सांग, म्हणजे ज्याला शब्द कळला नाही त्याला तू दिसशील. यात तो मुलगा बाकीच्यांइतकाच चांगला ठरेल. तोंड न उघडता इंग्रजीत पास! चार दिवसांनी तू हातवारे थांबवून नुसते शब्द बोल आणि बघ, किती आत गेलंय ते.

रोजच्या ठरलेल्या गोष्टींसाठी ठरलेलंच वाक्य ठेव. हे ऐकायला फुटकळ वाटेल, पण मी पाहिलेल्या शिक्षिकांपैकी निम्म्याजणी इथेच घसरतात. खेळणी आवरायच्या वेळी सोमवारी ‘क्लीन अप’, मंगळवारी ‘पॅक अप’, बुधवारी ‘पुट एव्हरीथिंग बॅक’, गुरुवारी हेड बघतायत म्हणून ‘लेट्स टायडी अवर क्लासरूम, फ्रेंड्स’. तुझ्यासाठी अर्थ एक, त्याच्यासाठी चार नवे आवाज. एकच वाक्य घे आणि दिवाळीपर्यंत बदलू नकोस. आणि न कळलेलं मोठ्यानं सांगितल्यावर कळतं, हा समज आपल्याकडे फार आहे. इंग्रजी ओरडून मराठी होत नाही.

मराठी कुठे वापरायची, कुठे नाही? माझा नियम असा. जिथे मुलाला काही हवं असतं, दुखत असतं, भीती वाटत असते, तिथे त्याची भाषा, लगेच आणि न लाजता. जिथे वस्तू समोर आहे, हात दाखवता येतो, चित्र आहे, तिथे इंग्रजी. डबा उघडताना ‘ओपन’, बाटली देताना ‘वॉटर’, यांना भाषांतर लागत नाही. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे मराठी वाक्य जोडत गेलीस तर मुलं शहाणी असतात, ती इंग्रजीच्या वेळी खिडकीबाहेर बघतात आणि मराठीची वाट बघतात. म्हणजे तुझ्या हेडबाईंचा नियम अगदीच बिनबुडाचा नाही. त्यांनी तो चुकीच्या जागी लावलाय, एवढंच.

प्रश्न कमी विचार. ‘व्हॉट इज धिस? व्हॉट कलर? हाउ मेनी?’ ही सकाळभराची परीक्षा असते, संवाद नव्हे. तुला कुणी दिवसभर ‘हे काय? ते काय?’ विचारलं तर तूही दाराशी जाऊन बसशील. दोन पेले धर, ‘रेड ऑर ब्लू?’ विचार. त्यानं बोट दाखवलं की ते उत्तर धर. ‘ब्लू! हिअर.’ आणि विचारल्यावर थांब. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प मुलंही बोलू लागली. ती तर आपल्याच भाषेत उत्तरं देणारी मोठी मुलं होती. तुझ्या बाळांसाठी तू मनातल्या मनात दहा मोज. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं. हात मागे बांध, मी तेच करायचे.

कधीतरी तो बोलेल, आणि जे बोलेल ते विचित्र असेल. पाठ झालेली वाक्यं मुलं आख्खीच्या आख्खी उचलतात. माझ्याकडे एक पोरगा वर्गातून बाहेर जाताना रोज ऐटीत म्हणायचा, ‘मेआयकमिन टीचर!’ एक मुलगी पाणी, शू, पेन्सिल, सगळ्यासाठी ‘मेआयगोटू’ म्हणायची. दुरुस्त करायच्या फंदात पडू नकोस. तो ‘टीचर, पानी गिरला’ म्हणाला तर ‘इन इंग्लिश!’ म्हणू नकोस. ‘ओ, द वॉटर स्पिल्ड!’ म्हण आणि फडका आण. त्याला फडकाही मिळाला आणि वाक्यही. ‘इंग्रजीत माग, मगच पाणी देईन’ असं करणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल इथे लिहिलं तर संपादक कापतील.

आता त्याच्या घराकडे वळू. तुझ्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त टोचलेली गोष्ट तिथे आहे.

‘घरी इंग्लिश बोला’ हे तुम्ही त्या आईला सांगितलंत, ते परत घ्या. दहावी झालेल्या आईला येणारं इंग्लिश कुठलं असतं? ‘कम हिअर. ईट फास्ट. सिट. डोन्ट टच. नो मोबाइल.’ सगळं आज्ञार्थात. लाड करायला, गोष्ट सांगायला, ‘काल मामाकडे काय धम्माल आली रे’ असं आठवून हसायला तिच्याकडे इंग्रजी नाही, आणि मराठी तुम्ही काढून घेतलीत. मग ती कमी बोलते. आठवडाभरात घर गप्प होतं आणि आपण म्हणतो, मुलाची भाषा वाढत नाही. नशीब की आजीला कुणी काही सांगितलं नाही!

कॅनडात जिम कमिन्स यांनी स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास केला. खेळण्या-बोलण्यापुरतं इंग्रजी यायला साधारण दोन वर्षं, आणि धडा वाचून समजण्याइतकं यायला पाच ते सात. तेही सगळीकडे इंग्रजीच कानावर पडत असताना. तुझ्याकडे दिवसाचे तीन तास आहेत, आणि गेटबाहेर घणसोली आहे. त्यांचाच दुसरा मुद्दा असा, की घरची भाषा भक्कम असेल तर दुसरी तिच्या आधारानं चढते. ‘कारण’, ‘आधी-नंतर’, ‘जर-तर’ हे एकदा मराठीत डोक्यात बसलं की इंग्रजीत फक्त शब्द शिकायचे उरतात. दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, उशिरा बोलतं, ही भीतीही निराधार आहे. एकाच वाक्यात तीन भाषा कालवणं म्हणजे हाताशी असेल तो शब्द वापरणं. तू आणि मीही तेच करतो.

त्या आईला नेमकं काम दे, नुसतं ‘मराठीत बोला’ म्हणू नकोस, तिला वाटेल शाळेनं नाद सोडला. तिला सांग, रात्री झोपताना दिवसात काय काय झालं ते दोघांनी एकमेकांना सांगायचं, पहिल्यांदा काय, मग काय. बाजारातून म्हावरं आलं की त्याला शेजारी बसवून नावं विचारायची, मोठं कुठलं, काटे कशात जास्त, खवले कशाला नाहीत. पैज लावते, फ्लॅश कार्डवर फक्त ‘फिश’ असलेल्या तुझ्या वर्गात हा एकटा पोरगा बोंबील, कोळंबी, निवटी, जिताडा, चिंबोरी वेगवेगळं ओळखत असेल. त्याच्या आजीला विचार. मग एक दिवस मातीकामाच्या वेळी त्याच्यासमोर एक चिंबोरी करायला घे आणि मुद्दाम पाय चुकीचे लाव.

हेडबाईंचं काय करायचं? भांडू नकोस. पालक इंग्रजीसाठी पैसे मोजतात हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, भाडं त्यांनाच भरायचंय. त्यांच्याकडे तक्रार घेऊन न जाता चार आठवड्यांचा प्रयोग घेऊन जा. ‘गरज आणि रडू यासाठी मुलाची भाषा, बाकी सगळं इंग्रजी. महिन्याअखेर किती मुलं इंग्रजी सूचना न दाखवता पाळतात ते मी लिहून देते.’ हवं तर हेही सांग, की २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं, आणि तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा आराखडाही तेच धरून आहे. खासगी प्री-स्कूलवर याचा किती धाक बसतो ते तूही जाणतेस, पण माहितीपत्रकात छापायला ते आवडतं.

त्या ऐकणाऱ्यांतल्या असतील तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची गोष्ट सांग. लांबची नाही, आपल्याच ठाणे जिल्ह्यातली, पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला त्याआधीची. १९४५ साली बोर्डीत त्यांनी बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. आज देशभर ‘अंगणवाडी’ म्हणतात तिची मुळं त्या अंगणात आहेत. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात, तर कुरणात शाळा भरवली, कुरणशाळा. तुला पाड्यावर जायचं नाहीये. वर्गातल्या दारापर्यंत जायचंय.

शेवटी स्पीच थेरपी. आजीशी तो ‘खूप बडबडतो’ असं तूच लिहिलंयस, म्हणजे आज तरी मला घाई दिसत नाही. तरी आजीला चार गोष्टी विचार. वाक्यं जोडून बोलतो का? घरच्यांना, शेजाऱ्यांना त्याचं बोलणं कळतं का? मागून हाक मारली तर वळतो का? पूर्वी येत असलेले शब्द गेलेत का? घरीही बोलणं तुटक असेल, शब्द मागे पडले असतील किंवा हाकेला वळत नसेल, तर आधी कान तपासायचे. पावसाळ्यात सर्दी मुरली की कानाच्या पडद्यामागे द्रव साठतो आणि मुलाला आपलं बोलणं उशीतून आल्यासारखं ऐकू येतं. कान-नाक-घसा डॉक्टर ते बघतात, आणि वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा आणि श्रवण याचंच काम चालतं.

एक वेगळी शक्यता असते, तिला ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ म्हणतात. मूल घरी भरभरून बोलतं, पण शाळेत कुणाशीच नाही, मराठीतही नाही, खेळतानाही नाही. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत, नव्या भाषेची चुप्पीही धरत नाहीत. पण तू मराठीत बोलायला लागल्यावरही गणपती-नवरात्र उलटून हे तसंच राहिलं, तर ते बालमानसतज्ज्ञाला दाखवायचं. तोवर ‘बोल ना, बोल ना’ कुणीही करायचं नाही, चॉकलेट दाखवूनही नाही. या लेबलाची गरज पडेल असं मला वाटत नाही, कारण त्याच्याशी मराठीत बोलून अजून कुणी बघितलेलंच नाही.

आणि उद्या सकाळी आजी गेटवर भेटेल तेव्हा पहिली गोष्ट विचार, त्याला घरी काय म्हणून हाक मारतात. हजेरीवरचं नाव नव्हे. ते वहीच्या पानावर सगळ्यांत वर लिही, आणि आत नेताना त्याच नावानं हाक मार.

तुझी,
बाई